रात्री रस्त्यात गवा आला तर? पन्हाळ्याच्या वाटेवर जाण्याआधी हे वाचा

पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी भागांत अंधार पडल्यावर गाडी चालवणाऱ्यांना गव्याची धास्ती असते. जंगलातले कळप चारा-पाण्यासाठी शेतांकडे उतरतात आणि वाटेत रस्ता लागतो.

धडक इतकी घातक का?
पूर्ण वाढलेला नर ८०० ते १००० किलोंचा, म्हणजे जवळपास छोट्या कारइतका जड. खांद्यापर्यंतची उंची पाच ते सहा फूट. कार आधी त्याच्या पायांवर आदळते आणि वरचं धड थेट काचेवर येतं. दुचाकीस्वाराला तर आडोसाच नसतो.

गवा वेळेत दिसत का नाही?
अंग काळपट, फक्त गुडघ्याखाली पांढुरके पाय. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंतच एवढं अंतर संपतं. वेग निम्मा केला, तर ब्रेक दाबल्यानंतर थांबायला साधारण चौथाई अंतर पुरतं. म्हणून वळणावर आणि उसाच्या कडेला वेग कमी ठेवणं, हाच खरा उपाय.

गवा दिसलाच तर?
लांबच थांबा. एक गेला तरी मागे कळप असू शकतो. हॉर्न वाजवू नका, व्हिडिओसाठी खाली उतरू नका. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरलेला गवा गर्दी आणि पाठलागानंतर दगावला होता. गवा जखमी असेल तर जवळ न जाता वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.