वजनाचा नियम देशभर एकच, मग दंडाचा भार ड्रायव्हरवरच का?

पनवेल-कळंबोलीत न्हावा-शेवाच्या कंटेनरवर कितीतरी घरं चालतात. कुणी ट्रेलर चालवतो, कुणाचं टायरचं दुकान आहे, कुणी गॅरेजमध्ये आहे. या घरांत एक तक्रार आपण नेहमी ऐकतो: "महाराष्ट्रात गाडी पास, पुढच्या राज्यात ओव्हरलोड!" राज्याराज्यांत नियम खरंच वेगळे आहेत का?

अमेरिकेत तसं आहे. कॅलिफोर्नियात ट्रेलरचा मागचा एक्सल किंगपिनपासून किती फुटांवर असावा, याचीही स्वतंत्र मर्यादा आहे. आपल्याकडे मात्र एक्सलचं वजन केंद्र सरकार ठरवतं. जुलै २०१८ मध्ये या मर्यादा वाढल्या. पुढच्या दोन टायरच्या एक्सलला ७ टन, चार टायरच्या एका एक्सलला ११.५ टन, जोड एक्सलला २१ टन आणि ट्रेलरच्या तीन एक्सलला मिळून २७ टन.

म्हणजे दोन एक्सलचा घोडा आणि मागे तीन एक्सलचा ट्रेलर असेल, तर बेरीज ४५.५ टन. समजा काट्यावर एकूण ४४ टन आले. सगळं ठीक वाटतं. पण वीस फुटी जड कंटेनर ट्रेलरवर पुढे सरकवून ठेवला असेल, तर घोड्याच्या मागच्या एक्सलवर १३ टन येऊ शकतात. एकूण वजन बसलं, तरी त्या एक्सलची मर्यादा मोडली. टायर फुटला, ब्रेक लागला नाही, तर जीव ड्रायव्हरचा जातो. आणि सीलबंद कंटेनरमध्ये माल कसा भरलाय, हे त्याला दिसतही नाही.

फरक पडतो तो दंडात. १ सप्टेंबर २०१९ पासून ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. पण जागेवर तडजोडीने किती रक्कम भरून घ्यायची, हे राज्य सरकार ठरवतं. गुजरातने त्याच महिन्यात अनेक दंड कमी केले. महाराष्ट्राने नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. म्हणून नियम एक असूनही ड्रायव्हरला प्रत्येक हद्दीवर कायदा बदलल्यासारखा वाटतो.

खरा प्रश्न पुढे आहे. हा दंड अनेकदा ड्रायव्हरच्या पगारातून कापला जातो, आणि घरात मुलांची फी थांबते. मोटार वाहन कायद्याचं कलम ११३ मात्र सांगतं की ड्रायव्हर स्वतः मालक नसेल, तर गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाला असं कोर्ट धरू शकतं. हे आपल्या किती भावांना माहीत आहे?

तेव्हा गाडी निघण्याआधी तीन गोष्टी करा. आरसीवरचं एकूण आणि एक्सलचं वजन वाचा. काटापावतीचा मोबाईलवर फोटो ठेवा. वजन जास्त दिसलं तर शेठला मेसेज करून लेखी कळवा. तोंडी बोललेलं उद्या कुणी मान्य करत नाही. भाडं एका दिवसाचं असतं, घरी वाट बघणारी माणसं रोजची असतात.