हरकतीचा अर्ज लिहायला घ्या

वीजबिल आलं की आपली नजर थेट तळाच्या आकड्यावर जाते. या महिन्यात जरा वरच्या ओळी वाचा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार यांच्याबरोबर 'इंधन समायोजन आकार' नावाची एक ओळ सापडेल. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या आजी बिल घेऊन आल्या. युनिटं कमी, रक्कम जास्त. त्या ओळीवर मी बोट ठेवलं, तर म्हणाल्या, "म्हणजे त्यांचा कोळसा महागला, त्याचे पैसे मी भरायचे?"

हो, तसंच आहे. औष्णिक केंद्रात एका युनिटामागे साधारण पाऊण किलो कोळसा जळतो. तो ठरल्यापेक्षा महाग पडला की फरक ग्राहकाकडे येतो. वर्षातून एकाहून जास्त वेळा दर सहसा बदलू नयेत, असं वीज कायदा सांगतो; इंधनाच्या फरकाला मात्र त्यातून सूट आहे. 2022 मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांना 10 टक्के आयात कोळसा मिसळायला सांगितलं, तेव्हा तो देशी कोळशाच्या कितीतरी पट महाग होता.

त्याहून जड ओझं स्थिर खर्चाचं. वीज खरेदीचा करार झाला की वीजनिर्मितीचा संच चालो न चालो, वीज द्यायला तयार असल्याचे पैसे द्यावे लागतात. दाभोळला हे आपण भोगलं आहे. तिथला एन्रॉन कंपनीचा वीजप्रकल्प 1999 मध्ये नाफ्त्यावर सुरू झाला. नाफ्ता महागला, डॉलर वधारला आणि 2001 मध्ये राज्य वीज मंडळाला खरेदी थांबवावी लागली. 1993 मध्ये त्या प्रकल्पाचा करार झाला तेव्हा पुढ्यात बसून हरकत ऐकून घेणारा नियामक आयोग राज्यात नव्हता. आज आहे, आणि तरी आपण गप्प बसतो याचं मला फार वाईट वाटतं.

वीज कायद्याच्या कलम 64 प्रमाणे दरवाढीचा प्रस्ताव कंपनीला जाहीर करावाच लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोगाला निर्णय द्यावा लागतो. ती जाहिरात वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत येते. दिसली की कापून ठेवा, शेवटची तारीख अधोरेखित करा. मराठीत लिहिलं तरी चालतं, एक पानही पुरे.

फक्त 'दरवाढ नको' एवढंच लिहू नका. त्याला उत्तर द्यायची कुणाला गरजच पडत नाही. नेमकं विचारा. कोणता संच वर्षात किती दिवस बंद होता आणि त्या दिवसांचा स्थिर खर्च आमच्यावर का? खाणीतून निघालेला कोळसा केंद्रात पोचेपर्यंत वजनात आणि दर्जात किती घटला? जुना, जास्त कोळसा खाणारा संच चालवण्यापेक्षा सौर वीज स्वस्त पडते का, याचा हिशोब कुठे आहे? औष्णिक केंद्राजवळ राहणारी माझी मावशी वाळत घातलेले कपडे राख झटकून मगच घडी करते; तिच्या खोकल्याचा खर्च तर कुठल्याच तक्त्यात नसतो. तोही लिहा.

बिल मात्र वेळेवर भरा. थकलं तर नोटीस येऊन जोडणी तुटेल आणि भांडण तिथेच अडकेल. सुनावणीला जायचं असेल तर 'प्रत्यक्ष म्हणणे मांडायचे आहे' हे वाक्य अर्जातच घाला. सोसायटीतल्या, वाडीतल्या चार-पाच जणांनी वेगवेगळे अर्ज द्या, आणि प्रत्येकाने पोच घ्या.