मोबाइल त्यांच्याच हातात राहू द्या

घरात हृदयविकाराचं माणूस असलं, की गोळ्यांचा डबा आपण नेमानं भरतो. मोबाइल मात्र 'द्या इकडे, मी करते' म्हणत ओढून घेतो. मला हे पटत नाही. आपण बाजारात असताना सासूबाईंच्या छातीत कळ आली तर? १०८ त्यांनाच लावता यायला हवा. तोच आधी शिकवा, बोट त्यांचंच फिरू द्या. मग बीपीच्या आकड्यांचा फोटो डॉक्टरांना पाठवणं. हृदय कमजोर असेल तर रोज सकाळचं वजनही; दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर अंगात पाणी साचत असेल, लगेच कळवायचं. (शिकवायला नातवाला बसवू नका, त्याला कुठला धीर!) आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे पहिल्याच दिवशी.