मुक्कामाचा बंगला

जुलै महिना संपत आला की धुळ्याच्या वस्त्यांमध्ये एकच चौकशी सुरू होते, लळिंगला कशाने जायचे? कुणी एसटी धरतो, कुठल्या गल्लीत वर्गणी काढून टेम्पो ठरतो, तरुण पोरे मोटारसायकली काढतात. घरातली माउली पहाटे उठून भाकरी थापते, ठेचा बांधून घेते, आणि ३१ जुलैला भर पावसात मंडळी मुंबई-आग्रा रस्त्याने लांडोर बंगल्याकडे निघतात. जळगाव जिल्ह्यातूनही माणसे येतात. या दिवशी तिथे गेलेल्यांना त्या जागेचे काय सांगावे? पण वाचकहो, बंगल्याला वंदन करून परतताना आपण त्या घराची स्वतःची गोष्ट फारशी विचारत नाही. या आठवड्यात ती विचारू या.

धुळ्याहून आठ-दहा किलोमीटरवर लळिंग. वर फारुकी राजांच्या काळातला किल्ला, खाली गवताचे कुरण आणि त्या कुरणात हा इंग्रजी अमदानीतला बंगला. असे बंगले साहेबांच्या राज्यात ठिकठिकाणी होते. कुणाला ट्रॅव्हलर्स बंगला म्हणत, कुणाला डाक बंगला. फिरतीवरचा अंमलदार यायचा, घोडा बांधायचा, खानसामा कोंबडी शिजवायचा, साहेब शिकार करायचा, हिशेब बघायचा आणि पुढच्या मुक्कामाला जायचा. आपल्या माणसांचा या बंगल्यांशी संबंध बहुतेक ओझी वाहण्यापुरता, पाणी भरण्यापुरता आणि वर्दी देण्यापुरता. घर गवताच्या राखणीसाठी आणि साहेबाच्या आरामासाठी बांधलेले. त्याचा उपयोग ठरलेला होता.

या घराचा उपयोग बदलला तो १९३७ साली. ३१ जुलैला बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले. त्या वेळी त्यांचा लांडोर बंगल्यात मुक्काम झाला. ही आठवण धरूनच आपण दर वर्षी तिथे जातो. आता एखादा शाळकरी पोरगा विचारील, की वकील माणूस सरकारी बंगल्यात उतरला, यात एवढे काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या खान्देशातच, चाळीसगावला आहे.

१९२९ साली बाबासाहेब मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करत खान्देशात फिरत होते. धुळ्याच्या फाट्यावरच्या एका गावात सवर्णांनी आपल्या लोकांवर बहिष्कार घातला होता, त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परत आले. स्टेशनवर आपली मंडळी हार घेऊन उभी होती. रात्र आमच्याकडे काढा, असा त्यांचा आग्रह. महारवाडा स्टेशनापासून सुमारे दोन मैल. स्टेशनाबाहेर टांगे भरपूर, पण एकही टांगेवाला महाराला बसवून हाकायला तयार होईना. तासभर खोळंबा झाला. शेवटी तोड निघाली, की टांगा भाड्याने द्यायचा, हाकणारा मात्र आपल्यातला पाहिजे. ज्याने कधी लगाम धरला नव्हता असा माणूस पुढे बसला. नदीवरच्या मोरीला कठडा नव्हता, नुसते अंतराअंतरावर दगड लावलेले. घोडा बुजला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले, टांगा आणि घोडा खाली नदीत. पायाचे हाड मोडले. कित्येक दिवस ते अंथरुणावर होते. परदेशात शिकलेला बॅरिस्टर, सरकारी समितीचा सभासद, आणि स्टेशनापासून मुक्कामाच्या घरापर्यंत त्याला धड पोचता येऊ नये! बाबासाहेबांनी स्वतः हे सगळे लिहून ठेवले आहे. वाचताना अजून अंगावर काटा येतो. आणि त्यांनी दोष त्या अडाणी हाकणाऱ्याला दिला नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. मंडळींना पाहुण्याला पायी चालवणे कमीपणाचे वाटले, म्हणून हा खटाटोप झाला होता.

त्याआधी १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हाही तेच. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहावे लागले. काही दिवसांतच लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि सामान उचलावे लागले. एका रात्रीचे छप्पर, एक खाट, तोंड धुवायला तांब्याभर पाणी, एवढ्यासाठी त्या काळी आपल्या माणसाला जात विचारली जाई.

म्हणून १९३७ च्या मुक्कामाचे महत्त्व आहे. त्याच वर्षी बाबासाहेब मुंबई विधानसभेवर निवडून आले होते. सरकारी बंगल्यात उतरणे ही कुणाची मेहेरबानी नव्हती, कुणा यजमानाच्या मर्जीचा प्रश्न नव्हता. आमच्या मते, त्या कुरणात पाणी भरणाऱ्या आणि ओझे वाहणाऱ्या माणसांनी बाबासाहेबांना त्या बंगल्यात उतरलेले पाहिले असेल, तेव्हाच या घराचा उपयोग बदलला. पुढे इंग्रज गेले. बंगला त्याच जागी राहिला. साहेबाचे विश्रामगृह होते ते आपल्या माणसांचे यात्रेचे ठिकाण झाले. त्यासाठी कुठल्या कचेरीतून हुकूम सुटला नव्हता. लोक येत गेले, एवढेच.

आता मुंबईकडे वळू. आमच्याकडे दादर म्हटले की आधी ज्वारी आठवते, पण ६ डिसेंबरला भुसावळ, जळगाव, चाळीसगावहून गाड्या भरभरून आपण ज्या दादरला जातो, तिथल्या हिंदू कॉलनीत राजगृह आहे. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत बाबासाहेबांचा संसार आणि ग्रंथ दोन्ही मावेनात. तेव्हा १९३० नंतर कर्ज काढून त्यांनी इमारती बांधल्या. एक विकून टाकली, राजगृह ठेवले. नाव दिले बिंबिसार राजाच्या मगधाच्या राजधानीचे. लोक घर बांधताना देवघर कुठे, कोठीघर कुठे याचा विचार करतात. यांनी विचार केला तो ग्रंथ कुठे ठेवायचे याचा. माणसे राहतील कशीतरी, पुस्तकांना जागा पाहिजे!

पण त्या घराने सगळेच पाहिले. २७ मे १९३५ ला रमाई तिथेच गेल्या. चाळीतले कष्टाचे दिवस काढून झाले, आणि स्वतःच्या घरात त्यांना फार थोडे दिवस मिळाले. आमच्या वाचक भगिनींना हे वेगळे समजावून सांगायला नको. पुढे बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि राजगृहातले पुष्कळ ग्रंथ पोरांना वाचायला मिळावेत म्हणून महाविद्यालयाकडे गेले. ज्यासाठी घर बांधले तेच घरातून गेले, तरी घर रिकामे झाले असे कुणी म्हणणार नाही. ७ डिसेंबर १९५६ ला पहाटे दिल्लीहून आणलेला बाबासाहेबांचा देह याच घरात ठेवला होता. इथूनच दुपारी अंत्ययात्रा निघाली. तेव्हापासून राजगृह हे कुटुंबाचे घर आहे, स्मारक आहे आणि बाबासाहेबांच्या वस्तू पाहण्याचे ठिकाणही आहे. एका दाराने लाखो माणसे दर्शनाला येतात, आणि त्याच इमारतीत रोजचा स्वयंपाकही होतो. अशा घरात राहणे सोपे नाही.

२०१३ साली राजगृहाला वारसा वास्तूचा दर्जा मिळाला. याचा अर्थ असा, की अशी इमारत मनाला येईल तशी पाडता येत नाही, तिचे रूप बदलायचे तर परवानगी घ्यावी लागते. बिल्डरांच्या मुंबईत ही लहान गोष्ट नव्हे. पण यादीत नाव चढले म्हणून दगड अडत नाही. ७ जुलै २०२० ला राजगृहाच्या आवारात घुसून कुंड्या फोडल्या गेल्या, खिडकीच्या काचा फुटल्या. राज्यभर लोकांच्या मनात जे उसळले ते आपण पाहिलेच आहे. घर राखायला यादी लागते आणि माणसेही लागतात.

साता समुद्रापलीकडे तर याहून मजेचा खटला झाला. लंडनला किंग हेन्रीज रोडवर १० नंबरच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये तीस लाख पौंडांहून जास्त पैसे मोजून ते घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते ते उघडले. पुढे तिथल्या केम्डन कौन्सिलने हरकत घेतली. राहत्या घराचे संग्रहालय करायची परवानगी कुठे आहे? शहरातली एक राहती जागा कमी होते, त्याचे काय? शेजाऱ्यांनीही तक्रार केली, की गर्दी होते, आवाज होतो. २०१८ मध्ये कौन्सिलने परवानगी नाकारली, सरकारने अपील केले, २०१९ मध्ये रीतसर सुनावणी झाली, आणि मार्च २०२० मध्ये तिथल्या मंत्र्यांनी संग्रहालयाला मान्यता दिली. आम्हाला त्या कौन्सिलचा राग येत नाही. घराचा उपयोग बदलायचा तर तो का बदलायचा हे पटवून द्या, एवढेच तिने विचारले. आपल्या बाजूने ते पटवून देता आले.

हाच प्रश्न लळिंगच्या बाबतीत कुणी आपल्याला केला, तर आपण काय सांगणार? वर्षातला एक दिवस आपला, उरलेल्या ३६४ दिवशी त्या बंगल्यात काय होते? तिथे बाबासाहेबांच्या खान्देशातल्या फेऱ्यांची चित्रे लागावीत, १९२९ आणि १९३७ चा मजकूर पोरांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत असावा, शाळांच्या सहली याव्यात, असे आम्हाला वाटते. जागा वनाची आहे, तेव्हा कुरणाला धक्का न लावता जे होईल ते करावे. सिमेंटचे मोठे काम तिथे नकोच. आणि यात्रेला जाताना आपण कागदाच्या पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या नेतो, त्या परत आणण्यासाठी प्रत्येक टेम्पोत एक गोणी ठेवायला काही पैसे पडत नाहीत.

एक काम मात्र आताच व्हायला पाहिजे. १९३७ साली ज्यांनी बाबासाहेबांना धुळ्यात पाहिले ती माणसे आता बहुतेक गेली. पण त्यांच्याकडून ऐकलेली लेक, सून, नातवंडे आहेत. कुणाचे आजोबा स्टेशनवर गेले असतील, कुणाच्या आजीने भाकरी पाठवली असेल, चाळीसगावच्या त्या मोरीची गोष्ट कुणाच्या घरात वेगळी सांगत असतील. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेत जाणाऱ्या पोराला समोर बसवून सांगावे, त्याने वहीत उतरवावे, सांगणाऱ्याचे नाव आणि गाव घालावे. ३१ जुलैच्या आधी आमच्याकडे आले तर त्यातले निवडक याच पानावर छापू. शुद्धलेखनाची चिंता नको, अहिराणीत असले तरी चालेल.