बँकांना कुलूप लागले तेव्हा



आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत. घरखर्चातून दर महिन्याला चार पैसे बाजूला टाकतात. परवा त्यांनी आम्हांला विचारले, "बँकेत ठेवले अन् बँकच बुडाली तर? त्यापेक्षा तांदळाचा डबा काय वाईट?" आम्ही हसलो नाही. कारण हाच प्रश्न एकेकाळी साऱ्या अमेरिकेला पडला होता आणि त्याचे उत्तर सापडेपर्यंत लाखो कष्टकऱ्यांची पुंजी अडकली किंवा बुडाली होती. ती हकीकत आज सांगतो.

आधी बँक चालते कशी ते पाहू. आपण भरलेले पैसे बँक तिजोरीत तसेच ठेवून देत नाही. थोडे हाताशी ठेवते, बाकीचे शेतकऱ्याला, दुकानदाराला, घर बांधणाऱ्याला कर्जाऊ देते. त्याच्या व्याजातून आपल्याला व्याज मिळते. रोज काही लोक पैसे काढतात, काही भरतात, तोवर सारे सुरळीत. पण सगळेच खातेदार एका दिवशी दारात उभे राहिले, तर धडधाकट बँकही सगळ्यांचे पैसे लगेच देऊ शकत नाही.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. पाठोपाठ कारखाने बंद पडू लागले, शेतमालाचे भाव उतरले, कर्जाचे हप्ते थकले. बँका डळमळू लागल्या.

बाबासाहेब १९१३ साली ज्या न्यूयॉर्क शहरी शिकायला गेले, त्याच शहरात 'बँक ऑफ युनायटेड स्टेट्स' नावाची एक बँक होती. नाव देशाचे, पण बँक खाजगी. बाहेरदेशाहून आलेले, कपडे शिवून पोट भरणारे कितीतरी ज्यू कामगार तिचे खातेदार. नावावरून अनेकांना ती सरकारीच वाटे. १९३० च्या डिसेंबरात तिच्या दारात झुंबड उडाली आणि ११ तारखेला ती बंद झाली. सुमारे चार लाख खातेदारांचे पैसे अडकले. कारभारातल्या गैरव्यवहाराबद्दल तिचे चालक पुढे तुरुंगात गेले. पण त्यामुळे शिंप्याच्या घरची चूल थोडीच पेटणार होती?

शिकागोत त्याच वर्षी ३१ जुलैला जेसी बिंगा यांच्या बँकेला टाळे लागले होते. बिंगा हे कृष्णवर्णीय. गोऱ्यांच्या बँका कृष्णवर्णीयांना घरासाठी कर्ज देताना हात आखडता घेत, म्हणून त्यांनी आपल्या लोकांसाठी बँक उभी केली होती. दक्षिणेतला जाच सोडून शहरात आलेल्यांनी मोठ्या भरवशाने तिथे पैसे ठेवले होते. मंदीत आधी नोकरी गेली ती याच लोकांची. हप्ते थांबले, बँक बुडाली, आणि आयुष्यभराची बचतही गेली. ज्याच्याकडे थोडे असते, त्याचेच सगळे जाते.

१९३३ च्या फेब्रुवारीत मिशिगन राज्याच्या गव्हर्नरांनी राज्यातल्या सगळ्या बँका बंद ठेवण्याचा हुकूम काढला. धास्ती एका राज्यातून दुसऱ्यात पसरली. ४ मार्चला फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा बहुतेक राज्यांत बँका बंद होत्या किंवा पैसे काढण्यावर बंधने होती. ६ मार्चला त्यांनी देशभरच्या बँका बंद ठेवल्या. त्या दिवसांत लोकांनी उधारीवर भागवले. काही गावांनी चिठ्ठ्या छापून पैशाच्या जागी चालवल्या.

९ मार्चला एका दिवसात कायदा मंजूर झाला. बँकांची छाननी करायची, धडधाकट असतील त्या आधी उघडायच्या, डबघाईला आलेल्या उघडायच्याच नाहीत, असे ठरले. १२ मार्चला, रविवारी रात्री, रूझवेल्ट रेडिओवर बोलले. बँक म्हणजे काय, ती का बंद केली, कशी उघडणार, हे त्यांनी घरच्या माणसाशी बोलावे तसे सांगितले. गादीखाली पैसे ठेवण्यापेक्षा उघडलेल्या बँकेत ते अधिक सुरक्षित राहतील, असा भरवसा दिला. १३, १४ आणि १५ मार्चला टप्प्याटप्प्याने बँका उघडल्या. पुन्हा रांगा लागल्या, पण या वेळी पैसे भरणाऱ्यांच्या!

इथे गोष्ट संपवली तर ती अर्धीच राहील. हजारो बँका त्या आठवड्यात उघडल्याच नाहीत. त्यांच्या खातेदारांचे भाषणाने पोट भरले नाही. म्हणून जूनमध्ये आणखी एक कायदा आला आणि १ जानेवारी १९३४ पासून प्रत्येक ठेवीदाराच्या २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण मिळाले. खुद्द रूझवेल्ट आधी या विम्याला अनुकूल नव्हते. लोकांचा रेटा आणि खासदार हेन्री स्टीगल यांचा आग्रह, यामुळे तो झाला. त्या वर्षी विमा असलेल्या अवघ्या ९ बँका बुडाल्या. आधीच्या चार वर्षांत सुमारे नऊ हजार बँका मोडल्या होत्या!

हा धडा आपल्या देशानेही घेतला, पण ठेच लागल्यावरच. १९६० साली केरळातली पलई सेंट्रल बँक बुडाली. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून आपल्याकडे ठेवविमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा होती दीड हजार रुपये. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती एका बँकेतल्या एका ठेवीदाराला, व्याज धरून, पाच लाख रुपये झाली. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे. पतसंस्थांना मात्र तो नाही, आणि गल्लीतल्या भिशीला तर नाहीच. नावाला भुलून न्यूयॉर्कचे शिंपी फसले. आपण पाटी नीट वाचावी.

मावशींना आम्ही एवढेच सांगितले : डबा तांदळालाच राहू द्या. पैसे भरण्याआधी खिडकीपलीकडच्या साहेबांना दोन प्रश्न विचारा. ही बँक आहे की पतसंस्था? माझ्या ठेवीला विमा आहे का? विचारताना संकोच करू नका. पैसा तुमच्या घामाचा आहे आणि ही माहिती मिळणे हा तुमचा हक्क आहे.