रोज बदलणारे दुकान

पहाटे साडेपाचच्या सुमारास आपल्या घरांत फज्रची लगबग असते, चहाचे आधण चढलेले असते. त्याच वेळी एक दुकान आपला माल बदलत असते. 'फोर्टनाइट' नावाच्या ऑनलाइन खेळातले हे दुकान. जागतिक प्रमाणवेळेनुसार रात्रीचे बारा वाजले की तिथला माल बदलतो आणि तेव्हा आपल्याकडे साडेपाच वाजलेले असतात. विकायला असतात खेळातल्या पात्राचे पोशाख, नाचाचे प्रकार, पाठीवरच्या पिशव्या. खेळ फुकट, पण या वस्तू पैशाच्या. काल दिसलेला पोशाख आज असेलच असे नाही आणि तो परत कधी येईल हे सहसा सांगितले जात नाही.

आपल्या आठवडी बाजारातही माल बदलतो. पण बांगडीवाली म्हणते, "आज हिरव्या नाहीत बाई, पुढच्या मंगळवारी आणते," आणि ती खरोखर आणते. खेळातल्या दुकानात ते वाक्यच नसते. "आत्ता घे, नाहीतर गेले" एवढेच तिथे मुलाला ऐकू येते, आणि पूर्वी शेजारी सेकंद मोजणारे घड्याळही चाललेले असायचे.

या विषयावर लिहायचे कारण आमचा नववीतला एक विद्यार्थी. फोनवरच्या अशाच एका खेळात त्याने ईदीचे बाराशे रुपये एका संध्याकाळी घालवले. त्याच्या अब्बूंनी आम्हाला घरी बोलावले. त्यांनी फोन तर काढून घेतलाच होता, आता घरातला लॅपटॉपही विकायचे ठरले होते. तो लॅपटॉप खरे तर मुलाच्या बहिणीचा. ती पॉलिटेक्निकला कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि चौथ्या सत्रात त्यांना जावा ही संगणकाची भाषा असते. लॅपटॉप गेला तर भावाबरोबर तिचेही शिक्षण अडणार होते. ती दारापाशी उभी राहून म्हणाली, "अब्बू, महिनाभर थांबा. त्याला असले दुकान बनवायला लावते. मग बघा." अब्बूंनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, महिनाभर थांबायला काय हरकत आहे?

दुकान बनवायचे कशात, तर 'माइनक्राफ्ट'मध्ये. स्वीडनमधल्या मोजांग कंपनीचा हा खेळ २०११ साली पूर्ण रूपात आला आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. सगळे जग चौकोनी ठोकळ्यांचे. खणायचे, बांधायचे, शेती करायची. याची जी जावा आवृत्ती आहे तिचा सर्व्हर, म्हणजे सगळे खेळाडू जिथे एकत्र येतात तो संगणकावरचा कारभार, आपल्या घरीही चालवता येतो. या भावंडांचा सर्व्हर त्याच लॅपटॉपवर चालायचा आणि मोहल्ल्यातली, नात्यातली दहा-बारा मुले त्यावर खेळायची.

त्या सर्व्हरमध्ये नवी सोय घालायची तर प्लगइन लिहावे लागते. हा शब्द ऐकून घाबरायचे कारण नाही. परीक्षेत मूळ उत्तरपत्रिकेला आपण पुरवणी बांधतो ना, तसेच हे. मूळ खेळाला हात लावायचा नाही, आपले पान वेगळे लिहायचे आणि जोडायचे. 'पेपर' किंवा 'स्पिगॉट' या नावाचे सर्व्हर अशा पुरवण्या स्वीकारतात. जावात लिहिलेला कोड बांधून एक 'जार' फाइल तयार होते. ती 'प्लगइन्स' या फोल्डरमध्ये ठेवून सर्व्हर पुन्हा सुरू केला की झाले. सोबत एक छोटी फाइल लागते. त्यात प्लगइनचे नाव, आवृत्ती आणि काम कुठून सुरू करायचे ते लिहिलेले असते, म्हणजे पुरवणीवरचा बैठक क्रमांकच म्हणा. खेळाच्या १.२०.५ या आवृत्तीपासून पुढे सर्व्हरला जावाची किमान २१वी आवृत्ती लागते. त्यांची पहिली संध्याकाळ जुनी जावा काढून नवी घालण्यातच गेली.

दुकान दिसते कसे? खेळातल्या पेटीसारखे. नऊ-नऊ खणांच्या तीन ओळी, एकूण सत्तावीस खण. मधल्या ओळीत आजच्या पाच वस्तू. खेळाडूने 'दुकान' असा आदेश लिहिला की ती पेटी उघडते. बहिणीने पहिल्या दिवशी एवढेच केले आणि भावाला खेळायला बसवले. त्याने आत हात घातला आणि पाचही वस्तू फुकट उचलून नेल्या. कारण सर्व्हरच्या दृष्टीने ती साधी पेटीच होती! खेळाडूने खणावर क्लिक केले की सर्व्हर प्लगइनला तशी वर्दी देतो. त्या क्षणी "हा व्यवहार रद्द" असे सांगावे लागते आणि मग आपला हिशेब करावा लागतो. क्लिक अडवले तर मुले वस्तू ओढून पाहतात, म्हणून ओढण्याची वर्दीही वेगळी पकडावी लागते.

पुढची चलाखी भावाच्याच एका मित्राची. प्लगइन पेटी ओळखायचे ती तिच्या नावावरून. त्या मुलाने ऐरणीवर आपल्या साध्या पेटीचे नाव बदलून 'दुकान' ठेवले, आणि प्लगइन त्या पेटीलाही दुकान समजू लागले. पाटी पाहून दुकान ओळखायचे नाही, हा धडा तिला तिथे मिळाला. आता प्लगइन स्वतः उघडलेली पेटी तेवढीच दुकान मानते.

चलन म्हणून त्यांनी खेळातलाच पाचू घेतला. माइनक्राफ्टमधले गावकरी पाचूतच व्यवहार करतात. खरेदीचा क्रम तिने कागदावर लिहून आम्हाला दाखवला होता: पाचू पुरेसे आहेत का, आज या मुलाने ही वस्तू आधीच घेतली आहे का, त्याच्या झोळीत जागा आहे का, मग पाचू कापायचे, मग वस्तू द्यायची. झोळी भरलेली असताना पाचू कापले गेले आणि वस्तू मिळालीच नाही, तर मुलाने कोणाकडे दाद मागायची? कोणी काय घेतले याची नोंद खेळाडूच्या नावाने ठेवायची नाही, कारण नाव बदलता येते. प्रत्येक खात्याला एक कायमचा लांबलचक क्रमांक असतो, त्याच्याखाली नोंद ठेवायची. आमच्या शाळेतही जनरल रजिस्टरचा नंबर असतो तो याचसाठी.

आता माल बदलण्याची वेळ. सर्व्हरचे स्वतःचे घड्याळ टिकने चालते. एका सेकंदाला वीस टिक, म्हणजे चोवीस तासांना १७,२८,००० टिक. भावाने तो आकडा टाकून दिला. पण लॅपटॉप रात्री बंद व्हायचा आणि सकाळी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. माल चार दिवस बदललाच नाही. शिवाय सर्व्हरवर ताण आला की सेकंदाला वीस टिकही होत नाहीत आणि घड्याळ मागे पडते. म्हणून टिक मोजणे सोडून प्लगइनला दर मिनिटाला तारीख पाहायला लावले: भारतीय वेळेनुसार तारीख बदलली का? 'भारतीय वेळेनुसार' हे कोडमध्ये लिहून ठेवलेले बरे असते. उद्या सर्व्हर परदेशातल्या भाड्याच्या संगणकावर नेला आणि तिथले घड्याळ जागतिक वेळेवर असले, तर यांचे दुकानही पहाटे साडेपाचलाच बदलायला लागेल.

खरी वादावादी झाली ती कोणता माल कधी दाखवायचा यावर. एकूण चाळीस वस्तू, रोज पाच. भावाचा कोड रोज चाळिसांतून पाच चिठ्ठ्या उचलायचा. शिवाय सर्व्हर सुरू झाला की दर वेळी नव्याने चिठ्ठ्या. त्यामुळे साहेब हवी ती वस्तू निघेपर्यंत सर्व्हर बंद-चालू करत बसायचे! त्याला हवे होते एलायट्रा, म्हणजे उडायचे पंख. ते निघाले, त्याने घेतले आणि पुन्हा सर्व्हर बंद केला. इतर मुलांना पंख दिसलेच नाहीत. बहिणीने ते पकडले.

मग आमच्या शाळेतल्या गणिताच्या मॅडमना विचारले. त्या म्हणाल्या, रोज नव्याने चिठ्ठ्या काढल्या तर एखादी वस्तू सरासरी आठ दिवसांनी येईल हे खरे, पण ती सलग तीस दिवस न येण्याची शक्यताही सुमारे दोन टक्के आहे. चाळीस वस्तू असल्या की त्यांतली एखादी अशी रुसून बसणारच. ती वस्तू ज्या मुलाला हवी असेल, ते मूल महिनाभर रोज दुकान उघडून पाहील. बहीण म्हणाली, "सर, हेच तर त्यांना हवे असते."

तिने वेगळी रीत धरली. चाळीस वस्तू पत्त्यांसारख्या पिसायच्या, तो क्रम फाइलमध्ये लिहून ठेवायचा आणि रोज वरचे पाच वाटायचे. आठ दिवसांत डाव संपतो आणि प्रत्येक वस्तू एकदा येतेच. एका डावात पहिल्या दिवशी आलेली वस्तू पुढच्या डावात अगदी शेवटच्या दिवशी आली, तरी पंधरा दिवसांपेक्षा जास्त वाट पाहावी लागत नाही. सर्व्हर कितीदा बंद-चालू केला तरी क्रम तोच. पुढचा डावही ती आधीच पिसून ठेवते, त्यामुळे प्रत्येक वस्तूखाली 'पुन्हा येईल' असे लिहून तारीख देता येते.

भावाला ही तारीख नको होती. त्याला लाल रंगात उलटे धावणारे घड्याळ हवे होते. "आपा, तारीख दिली तर घाईने कोण घेणार?" तिने उत्तर दिले नाही, नुसती त्याच्याकडे पाहत राहिली. पोरगा ओशाळला. ईदीचे पैसे कसे गेले हे त्याला तेव्हा कळले असावे, असे आम्हाला वाटते. त्याला आम्ही आणि त्याच्या अब्बूंनी मिळून दीड तास समजावले होते, त्याचा काही उपयोग झालेला दिसला नव्हता.

मोठ्या कंपन्यांचे दुकानही कोणीतरी असेच बसून लिहिलेले असते. घड्याळ दाखवायचे की नाही, बटण कुठे ठेवायचे, "नक्की घ्यायचे का?" असे विचारायचे की नाही, हे सगळे कोणाच्या तरी टेबलावर ठरते. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच कारणाने बोट ठेवले. बटणांची रचना अशी की चुकून खरेदी व्हावी, आणि मुलांनी आई-बापाच्या संमतीशिवाय खर्च करावा, असे आरोप होते. डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या तडजोडीत या खरेद्यांच्या परताव्यासाठी २४.५ कोटी डॉलर आणि मुलांच्या खासगी माहितीच्या कायद्याखाली आणखी २७.५ कोटी डॉलर कंपनीला मोजावे लागले.

हा मोह मोहल्ल्यातल्या सर्व्हरवरही येतो. तिसऱ्या आठवड्यात एका मोठ्या मुलाने सुचवले, पन्नास रुपये पाठवा आणि पंख घ्या. भाऊ लगेच तयार. कोडच्या दृष्टीने ते काही अवघड नव्हते आणि गेलेली ईदीही भरून निघाली असती! बहिणीने दोन गोष्टी सांगितल्या. एक, मोजांगने २०१४ सालीच स्पष्ट केले होते की सर्व्हर चालवणाऱ्याने पैसे घेऊन शोभेच्या वस्तू विकाव्यात, खेळात वरचढ करणाऱ्या वस्तू नव्हेत. पंख शोभेचे नाहीत. आणि दुसरी, "खाला रोज शिलाई करतात आणि त्यांचा मुलगा आपल्या सर्व्हरवर येतो. तो पन्नास रुपये कुठून आणेल?" त्या मुलाला आम्ही ओळखतो. तो गहू पिकवून, गावकऱ्यांना विकून पाचू जमवणाऱ्यांपैकी आहे.

अब्बूंनी महिन्याअखेरीस लॅपटॉप परत मागितला नाही. मात्र फोन अजून त्यांच्याच ताब्यात आहे आणि तो तसा राहिला तर आमची तक्रार नाही. पैसे भरायचा पिन अम्मींनी बदलला आहे आणि तो आता कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवत नाहीत.

कोणाच्या घरी जावा शिकणारे मूल असेल आणि त्याला हे करून पाहायचे असेल, तर पहिला प्रयोग दहा वस्तूंचा करावा. सर्व्हर घरातल्या घरातच ठेवावा आणि कोडची जुनी प्रत रोज वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. ती न ठेवल्यामुळे या भावंडांचे एका रविवारचे काम वाया गेले होते.

परवा कळले की मुलांच्या मागणीवरून यादीत आणखी पाच वस्तू आल्या. आता पंचेचाळीस वस्तू आणि नऊ दिवसांचा डाव. भाऊ सध्या पुढच्या तारखांचा कोड दुरुस्त करतो आहे, कारण तो अजून आठच दिवस मोजतो आणि घोड्याचे खोगीर चुकीच्या दिवशी येईल असे सांगतो.