मशीन कुणाचं, ते आधी सांगा

लाख-सव्वा लाखाचं घड्याळ विकताना दुकानदार तबकडीचा निळा रंग दाखवतो, पट्ट्याचं चामडं दाखवतो, जाहिरातीतला नट दाखवतो. आत मशीन कोणतं, असं विचारलं की उत्तर येतं, ‘स्विस ऑटोमॅटिक’. हे उत्तर नव्हे, टाळाटाळ आहे. ऑटोमॅटिक घड्याळातून मशीन काढलं तर पोलादाची डबी आणि काच उरते. ज्या गोष्टीसाठी पैसे मोजायचे तिचाच पत्ता गिऱ्हाइकाला लागू द्यायचा नाही, याला मी फसवणूक म्हणतो.

ईटीए कंपनीचं 2824-2 घ्या. हे स्विस मशीन असंख्य कंपन्यांच्या घड्याळांत बसलं आहे. तासाला 28,800 ठोके, 25 माणकं, पूर्ण चावी भरली की सुमारे 38 तासांची चाल. पण याच मशीनच्या चार प्रती निघतात. सर्वांत साध्या प्रतीत दिवसाला सरासरी 12 सेकंद मागंपुढं चालतं, आणि घड्याळ दोनच स्थितींत ठेवून जुळवलेलं असतं. ‘एलाबोरे’ प्रतीत 7 सेकंद, तीन स्थिती. ‘टॉप’मध्ये 4 सेकंद, पाच स्थिती, शिवाय बॅलन्स व्हील आणि हेअरस्प्रिंग वरच्या दर्जाच्या मिश्रधातूंची, म्हणजे उन्हाथंडीत चाल कमी बिघडते. चौथी प्रत क्रोनोमीटरची. ती सीओएससी या स्विस संस्थेत 15 दिवस, पाच स्थितींत, 8, 23 आणि 38 अंश तापमानात तपासतात. उणे 4 ते अधिक 6 सेकंदांत बसली तरच प्रमाणपत्र मिळतं.

एकाच नावाच्या मशीनमध्ये इतकं अंतर! आणि हे अंतर कारखान्याच्या तांत्रिक कागदांत स्पष्ट छापलेलं असतं. मग घड्याळाच्या खोक्यापर्यंत येताना ते कुठं गळतं? टॅग ह्युअर ‘कॅलिबर 5’ असं स्वतःचं नाव देते. त्या नावाखाली कधी ईटीए 2824-2 असतं, कधी सेलिटाचं एसडब्ल्यू 200. सेलिटाचं मशीन वाईट नाही. ईटीएच्या मशीनची जुळणी करतच ही कंपनी वाढली आणि पेटंटची मुदत संपल्यावर तिनं त्याच रचनेचं आपलं मशीन काढलं. चांगलं आहे, तर नाव लपवायचं कशाला? 2009 साली याच टॅग ह्युअरनं ‘1887’ हे मशीन घरचं म्हणून मिरवलं. मूळ रचना सेइकोची, हक्क विकत घेतलेले, हे बोभाटा झाल्यावर कबूल केलं. हक्क घेणं रास्त होतं. लपवणं लाजिरवाणं होतं.

त्यातून हे ‘घरचं मशीन’ नावाचं खूळ. त्यासाठी ग्राहक जास्तीचे पैसे मोजतो आणि पाच-सात वर्षांनी तेलपाण्याची वेळ आली की अडकतो. अनेक बड्या कंपन्या सुटे भाग बाहेरच्या घड्याळजीला देतच नाहीत. घड्याळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवायचं, महिनोन्‌महिने थांबायचं, मागतील ते बिल भरायचं. याउलट 1961 साली बंगळूरला सिटिझनच्या सहकार्यानं सुरू झालेल्या एचएमटीची ‘जनता’ पाहा. सतरा माणकांचं, रोज चावी देण्याचं साधं मशीन. कारखाना बंद पडला, तरी तालुक्याच्या गावातला घड्याळजी ते आजही उघडतो, धुतो आणि चालतं करतो. माझ्या लेखी दुरुस्त होणं हा दर्जाचाच भाग आहे. मशीनच्या पाठीवर यंत्रानं ओढलेल्या नक्षीच्या रेषा हा नाही.

‘जपानी म्हणजे हलकं’ असं नाक मुरडणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. सेइकोच्या घरातलं एनएच 35 हे मशीन तीन-चार हजारांत सुटं मिळतं. एसडब्ल्यू 200ला त्याच्या चार-पाच पट पडतात. ठोके कमी, तासाला 21,600, म्हणून सेकंदकाटा जरा खडबडत फिरतो. जाडीही जास्त. पण ते दणकट आहे, 41 तास चालतं, आणि जाणकार हातानं जुळवलं तर दिवसाला दहा सेकंदांच्या आत येतं. आडात नसलेलं पोहऱ्यात कुठून येणार, हे खरं. पण इथं आडात भरपूर आहे, फक्त जुळवायला बसणाऱ्याच्या मजुरीचे पैसे कारखान्यानं वाचवले आहेत. घड्याळाच्या किमतीतला रास्त फरक बराचसा या मजुरीचा आणि धातूंचा असतो. ती मजुरी खरोखर केली असेल, तर तिचे पैसे मी आनंदानं देईन. न केलेल्या मजुरीचे पैसे नटाच्या छायाचित्रासाठी देणार नाही.

मशीन बनवणाऱ्याचं नाव, क्रमांक, प्रत, दिवसाची चाल आणि सुटे भाग कुणाला मिळतील, एवढं वॉरंटी कार्डावर छापा. एनएच 35च्या कागदावर उणे 20 ते अधिक 40 सेकंद असं उघड लिहिलेलं असतं. लाखांत किंमत लावणाऱ्यांना एवढा एक आकडा लिहायला काय अडचण आहे, ते त्यांनीच सांगावं.